हातेडच्या कोंबड्या आणि रॉटरडॅमचा विषाणू

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्री फार्मांत कोंबड्या पटापट मरू लागल्या. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने त्यांच्या नमुन्यांत एच-५ एन-१ विषाणू असल्याचा निर्वाळा दिला आणि भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद खानदेशच्या नावावर लागली. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील हातेड, मारूळ, साळवा आणि सावदा ही नावे वर्तमानपत्रांत आली. यांपैकी हातेड हे चोपडा तालुक्यातले. साथ रोखण्यासाठी खानदेशात लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. त्यांत गरिबांच्या अंगणातल्या कोंबड्याही होत्या. माणसाला लागण झाल्याचे मात्र सिद्ध झाले नाही.

ज्या घरांत अंडेदेखील येत नाही, त्यांना ही घटना परक्या अंगणातली वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विषाणू कोणाच्या ताटात काय आहे हे पाहून येत नसतो, आणि त्या महिन्यांत झालेली जीवहानी ही तर अहिंसेचे व्रत घेतलेल्या समाजाने विसरू नये अशीच होती.

एच-५ एन-१ची जगात ज्या माणसांना लागण झाल्याचे नोंदले गेले, त्यांतील सुमारे निम्मी दगावली. एवढा घातक असूनही त्याने महामारी माजवली नाही, याचे कारण एकच: तो पक्ष्याकडून माणसाला क्वचित लागतो आणि माणसाकडून माणसाला सहजी लागत नाही. ही त्याची मर्यादा टिकेल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. २०११ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅमचे रॉन फूशे आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे योशिहिरो कावाओका यांनी स्वतंत्रपणे त्याचे उत्तर शोधले. फूशे यांनी विषाणूत मोजके बदल घडवले आणि तो दहा वेळा एका फेरेटमधून दुसऱ्या फेरेटमध्ये नेला. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी. फ्लूच्या बाबतीत त्याची श्वसनसंस्था माणसासारखी वागते. अखेर शेजारच्या पिंजऱ्यातील निरोगी फेरेटला केवळ हवेतून लागण झाली. हवेतून लागण झालेले ते प्राणी मेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्या काळच्या भडक मथळ्यांतून ते बहुधा गळून पडले.

डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने या प्रयोगांचा सविस्तर तपशील छापू नये असा सल्ला दिला. जानेवारी २०१२ मध्ये ३९ शास्त्रज्ञांनी असे प्रयोग ६० दिवस स्वेच्छेने थांबवले. ती विश्रांती वर्षभर लांबली. दरम्यान मंडळाचे मत बदलले आणि मे व जून २०१२ मध्ये दोन्ही शोधनिबंध प्रसिद्धही झाले.

संशोधकांचा युक्तिवाद हलका नाही. कोणते बदल घातक हे आधी कळले, तर पक्ष्यांतील विषाणूवर नजर ठेवता येते आणि लस वेळेत तयार करता येते. ज्ञान हे पाप नव्हे, असे जैन परंपराही मानते. भोपाळच्या प्रयोगशाळेत घातक विषाणू हाताळणारी माणसे नसती, तर नवापूरच्या कोंबड्या कशाने मेल्या हे कोणाला कळले असते? तेव्हा ‘धोका आहे, म्हणून विषाणूचा अभ्यासच नको’ हे म्हणणे टिकणारे नाही.

तथापि जे आहे ते ओळखणे आणि जे नव्हते ते घडवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. श्रावकाच्या आठव्या व्रताचे, अनर्थदंड विरमणाचे, पाच अतिचार प्रतिक्रमणात नेमाने उच्चारले जातात. त्यांतील एक आहे संयुक्ताधिकरण: हिंसेला साधन होऊ शकणाऱ्या वस्तूचे सुटे भाग जोडून ती वापरास सज्ज करून ठेवणे. उखळ वेगळे, मुसळ वेगळे. दोन्ही एकत्र मांडून ठेवली की कोणीही येऊन कांडू लागेल, असा त्यामागचा विचार. फूशे यांच्या विषाणूतील काही बदल निसर्गात सुटेसुटे आधीच आढळले होते. ते एका विषाणूत एकत्र आणणे, हीच त्या प्रयोगाची नवलाई होती. हेतू चांगला होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण हा अतिचार हेतू विचारत नाही. सज्ज केलेले साधन उद्या कोणाच्या हाती पडेल, हे विचारतो. कृती छापून प्रसिद्ध करणे त्याच व्रतात सांगितलेल्या हिंस्रप्रदानाच्या, म्हणजे घातक वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्याच्या, फार जवळ जाते.

राहिला प्रमाद. तोही कल्पनेतला नाही. देवीचा निसर्गातील अखेरचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला. पण देवीचा अखेरचा मृत्यू त्यानंतरचा, १९७८ मधला, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा आहे. जॅनेट पार्कर या वैद्यकीय छायाचित्रकार विद्यापीठात ज्या मजल्यावर काम करीत, त्याच्या खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूची प्रयोगशाळा होती. २०१४ मध्ये तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सौम्य फ्लूचा म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यात एच-५ एन-१ मिसळलेला निघाला; तेथील कोंबड्या मेल्या, तेव्हा चूक लक्षात आली. या जगातल्या उत्तम प्रयोगशाळा आहेत. जयणा राखण्याचे नियम तेथे लिहिलेले होतेच.

म्हणून अशा प्रयोगाच्या वेळी पहिला प्रश्न ‘हे करता येईल का’ हा नसावा. हेच ज्ञान विषाणूला अधिक समर्थ न करता मिळणार नाही का, हे आधी विचारले जावे आणि त्याचे उत्तर प्रयोगकर्त्याने स्वतःच देऊन चालणार नाही. लाभाचा दावाही तपासून घ्यावा लागेल. घातक बदलांची यादी हाती असली, तरी ती उपयोगी पडण्यासाठी गावातल्या मेलेल्या कोंबडीचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, आणि हातेडहून भोपाळ काही शेजारी नाही. फेरेटवरील प्रयोगांपेक्षा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यावर केलेला खर्च साथ रोखण्यास अधिक कामी येईल, असे मानण्यास बरीच जागा आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने अशा प्रयोगांचा निधी रोखला आणि डिसेंबर २०१७ मध्ये छाननीची नवी पद्धत आणून तो पुन्हा खुला केला. २०१९ मध्ये याच दोघांच्या प्रयोगांना परवानगी मिळाल्याचे बाहेर आले, ते एका विज्ञान नियतकालिकाच्या बातमीतून. छाननीचा अहवाल तेव्हा प्रसिद्ध झालेला नव्हता. विषाणू निसटला तर ज्यांच्या अंगणापर्यंत तो पोहोचेल, त्यांना कोणी विचारल्याची नोंद कुठे नाही.