अहवाल न्यायालयात, अनुभव कपाटात

मनाचा आजार आणि कायदा यांची जेथे गाठ पडते, तेथे न्यायालय वैद्याकडे वळते. आपण रुग्णाला तपासतो, मत लिहितो, सही-शिक्का करतो आणि साक्ष देऊन दवाखान्यात परततो. अहवाल न्यायालयाच्या फाइलमध्ये जातो; त्यातून जे शिकायला मिळाले, ते मात्र आपल्याच कपाटात पडून राहते. कमठाण्यासारख्या गावांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी हा अनुभव न्यायवैद्यक मानसिक आरोग्याच्या जर्नलकडे लेखरूपाने पाठवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पाठवताना महानगरातील लेखकापेक्षा अधिक कडक बंधने आपण स्वतःवर घालून घेतली पाहिजेत, हेही तितकेच स्पष्ट मत आहे.

लिहिलेल्या शब्दाचे मोल किती असते, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पत्नीच्या हत्येबद्दल शिक्षा झालेल्या एका पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दंडसंहितेच्या कलम ८४ खाली दोषमुक्त केले. (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.) घटनेच्या आधीपासून त्याच्यावर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, वडिलांनाही मनोविकार होता, आणि घटनेनंतर त्याने पळण्याचा वा लपण्याचा प्रयत्न केला नव्हता. या साऱ्याला बळ मिळाले ते उपचारांच्या कागदांनी. केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्या वेळी कोर्टाची कल्पनाही नसेल. पण त्यांनी नोंद ठेवली होती. एका रुग्णाची नोंद एका माणसाला न्याय देते. अनेक रुग्णांच्या नोंदी अभ्यासून लिहिलेला लेख पुढच्या अनेकांच्या कामी येतो.

हा विषय मनोविकारतज्ज्ञांचा आहे, बालरोगतज्ज्ञाने त्यात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर कलम १५ प्रमाणे बाल न्याय मंडळाला त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा की नाही, हे त्यावर ठरते. मंडळावर बालमानसशास्त्राचा वा बालमनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. मुलाचे पुढचे सारे आयुष्य या मतावर अवलंबून असते. ते मत बनवताना आधाराला हवे ते साहित्य आपल्या भागातील मुलांविषयी कोणी लिहायचे?

बीदर-कलबुर्गीच्या सीमेवरचे मूल घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलते. ‘परिणाम समजतात का?’ हा प्रश्न त्याला कोणत्या भाषेत विचारला, यावर त्याचे उत्तर बदलू शकते. गप्प बसलेले मूल निर्ढावलेले आहे, घाबरलेले आहे, की त्याला प्रश्नच समजला नाही, हे ओळखण्याची जाण येथे वर्षानुवर्षे मुले तपासणाऱ्याकडे असते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वि. वि. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बसवली आणि ते काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. म्हणूनच ‘बिने-कामत’ हे नाव आजही मानसशास्त्र विभागांत घेतले जाते. ते काम वहीतच राहिले असते तर?

आता बंधनांविषयी. ‘बीदर जिल्ह्यातील एका खेड्यातील सोळा वर्षांचा मुलगा’ एवढ्या वर्णनावरून बंगळूरच्या किंवा लंडनच्या संपादकाला कोणाचीही ओळख पटणार नाही. आपल्याकडे मात्र वय, घटना आणि वर्ष सांगितले की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा घर दाखवील. हा धोका संपादकाला दिसू शकत नाही. तो आपल्यालाच पाहावा लागतो. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ नाव, पत्ता, शाळाच नव्हे, तर ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते आणि त्यासाठी कैदेची व दंडाची शिक्षा सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका मनोरुग्ण कैद्याची फाशी रद्द केली, तेव्हा निकालपत्रात त्याचे नाव दिले नाही. त्याला केवळ ‘आरोपी क्ष’ म्हटले. तरीही निकालातील तत्त्व तसूभरही अस्पष्ट राहिले नाही. नाव झाकूनही ज्ञान पुढे नेता येते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

म्हणून लेख पाठवणाऱ्या सहकाऱ्यांना माझे सांगणे असे. खटला आणि अपील संपेपर्यंत थांबावे. नैतिकता समितीची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची अनुमती घ्यावी. मंडळाचे कागद मंडळाच्या परवानगीशिवाय वापरू नयेत. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलू नयेत, कारण त्याने शास्त्र खोटे होते, ते गाळावेत. गाळल्यावर लेखात काही उरत नसेल, तर तो लेख पाठवू नये. आपण कोणत्या पक्षाच्या वतीने साक्ष दिली आणि मानधन घेतले का, हे संपादकांना स्पष्ट कळवावे. एका वेळी एकाच जर्नलकडे लेख द्यावा. परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवून परत पाठवला, तर अपमान मानू नये. पैसे भरताच आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलपासून मात्र दूर राहावे. तेथे परीक्षण नसते, आणि न्यायालयात असा लेख कोणी पुढे केला तर अन्याय व्हायचा.

वाचक नागरिकांनाही एक विनंती. डॉक्टरांनी अशी संमती मागितली तर निःसंकोच प्रश्न विचारा. नकार देणे हा तुमचा हक्क आहे आणि त्यामुळे उपचारांत काडीचाही फरक पडता कामा नये.

आपल्या डॉक्टर संघटनेने यात पुढाकार घ्यावा. एकेकट्याने एका मुलाची कहाणी लिहिण्यापेक्षा दोन्ही जिल्ह्यांतील सहकाऱ्यांनी अनेक वर्षांचे अनुभव ठरावीक नमुन्यात, नावगाव वगळून, एकत्र करावेत. अनेकांच्या नोंदींत एकाची ओळख झाकली जाते आणि निष्कर्षालाही वजन येते. मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि वकील एकत्र बसले, तर पुढील स्मरणिका निघेपर्यंत पहिला लेख पाठवणे अशक्य नाही. एखाद्या मुलाचे वय सोळा की सतरा एवढेच पाहून त्याच्या मनाविषयी घाईने मत देण्याची वेळ उद्या कोणावर येऊ नये, यासाठी एवढे कष्ट आपण घ्यायला हवेत.