आजोळचा आजार, पण दोष आईचा नव्हे



शेतीखात्याच्या माणसाने आजारावर का लिहावं, असं कोणी म्हणेल. पण गड्याचे हात कापायला लागले की पहिला संशय फवारणीवर जातो, म्हणून हा विषय आमच्याही वाट्याला येतो. ऑर्गॅनोफॉस्फरस औषधाची विषबाधा बहुधा काही तासांत दिसते. घाम सुटतो, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात. तेव्हा तडक दवाखाना गाठावा.

मात्र तिशी-चाळिशीतल्या पुरुषाला वर्षानुवर्षं हळूहळू अशक्तपणा येत असेल, तर गोष्ट निराळी असू शकते. हात थरथरतात, पायांत गोळे येतात, उकिडवं बसलं की उठवत नाही, पुढे गिळणं-बोलणं जड जातं, कधी छातीही वाढते. असा एक दुर्मिळ आजार म्हणजे केनेडीचा आजार. डॉ. विल्यम केनेडी यांनी १९६८ साली त्याचं वर्णन केलं. १९९१ साली त्यामागचा जनुकदोष सापडला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी झिजतात, म्हणून स्नायू वाळतात.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. वाहक आईकडून प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आजारी बापाकडून मुलग्याला येत नाही, पण मुली सगळ्या वाहक होतात. त्यांना स्वतःला बहुधा फारसा त्रास नसतो. म्हणूनच मामाला होतं ते भाच्याला होतं. मग घरात लगेच, "तुझ्या माहेरचं दुखणं," असं सुरू होतं. अहो, तिनेही तो आपल्या आईबापाकडूनच घेतला ना? बियाणं निवडून कोणी जन्माला येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. त्याला आळशी म्हणू नका, करणी काढत बसू नका. मामाला, आईच्या वडिलांना असंच झालं होतं का, ते विचारा आणि मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाला आवर्जून सांगा. कारण याची गल्लत झपाट्याने वाढणाऱ्या दुसऱ्या जीवघेण्या आजाराशी होते. रक्ताच्या जनुकीय तपासणीत खरं काय ते कळतं. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. पण हा आजार सावकाश वाढतो, बहुतेकांचं आयुष्य फारसं कमी होत नाही.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजारही आहेत. प्रमाणपत्रासाठी जरूर अर्ज करा. आणि घरच्यांनो, पाठीवरचा पंप उतरवा, पण हिशेब, बाजार, पाण्याची पाळी त्याच्याकडेच राहू द्या. हात थकले तरी शेतीची अक्कल शाबूत असते.