दोघांची होडी

हल्ली आमच्याकडे रात्री जेवणं आटोपली की नवरा टीव्हीवर समुद्र लावतो. म्हणजे कुठलं तरी जोडपं आपल्या शिडाच्या बोटीतून बेटाबेटांवर हिंडत असतं, त्यांचे व्हिडिओ बघत बसतो. निळंशार पाणी, नारळाची झाडं, कठड्यावर वाळत घातलेले कपडे. त्याला रिटायर व्हायला चार वर्षं राहिलीत. "बघ ना, दोघंच! ना ट्रॅफिक, ना सोसायटीची मीटिंग," असं परवा म्हणाला. मी भांडी लावता लावता विचारलं, "आणि तू पाण्यात पडलास तर मी काय करायचं?"

तो हसला. मीही गंमतीतच विचारलं होतं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी या विषयावर वाचायला लागले. (आमच्याकडे असंच असतं. खूळ त्याचं, अभ्यास माझा.) आणि वाचून माझं एक ठाम मत झालंय. दोघांनी शिडाच्या बोटीनं भटकणं सुंदरच असणार, पण ते अशाच जोडप्यानं करावं, ज्यातल्या प्रत्येकाला ती बोट एकट्यानं किनाऱ्याला लावता येते. एक कप्तान आणि एक प्रवासी अशी जोडी असेल तर घरी बसून व्हिडिओ बघावेत.

पॅसिफिकमधला नेहमीचा रस्ता घ्या. पनामा कालव्यातून बाहेर पडायचं, गालापागोस करून मार्केसास बेटं, मग तुआमोतू, ताहिती, पुढे टोंगा आणि फिजी. व्यापारी वारे बहुतेक वेळ पाठीमागून ढकलतात, म्हणून हा रस्ता सोपा समजतात. पण गालापागोस ते मार्केसास हा एकच टप्पा सुमारे ३००० सागरी मैलांचा आहे. छोटी बोट ताशी पाच मैलांनी चालली तर दिवसाला १२० मैल, म्हणजे पंचवीस दिवस जमीन दिसणार नाही. रात्री थांबावं म्हटलं तर एवढ्या खोल पाण्यात नांगर तळाला पोचत नाही. म्हणून पाळ्या लावतात. तीन तास तू जागा, तीन तास मी. सुकाणू धरायला यंत्र असतं, पण क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं, तेव्हा कोणीतरी डोळे उघडे ठेवायलाच हवेत. म्हणजे गंमत बघा, चोवीस तास एकत्र राहता यावं म्हणून निघालेली ही नवरा-बायको पंचवीस दिवस एका वेळी झोपतसुद्धा नाहीत. चक्क शिफ्ट ड्यूटीवाल्यांचा संसार!

आता सांगा, खाली आडवा झालेल्याला झोप कधी लागेल? वर बसलेल्या माणसावर पूर्ण भरवसा असेल तेव्हाच. वारा वाढल्यावर शीड कमी करणं, दिशा बदलणं, जहाज दिसलं तर रेडिओवर बोलणं, हे सगळं एकालाच येत असेल तर त्याला दर तासाला हाक मारावी लागणार. चार दिवसांत त्या कप्तानाचं डोकं चालेनासं होईल, आणि चुका अशाच वेळी होतात.

बेटापाशी पोचल्यावर तरी सुटका? तुआमोतूची बेटं म्हणजे पोवळ्याच्या खडकांची कडी. खडक पाण्याखाली असतात, म्हणून सूर्य डोक्यावर आलेला असताना, शक्यतो पाठीमागे ठेवून, आत शिरायचं. एकानं पुढच्या टोकाला उभं राहून पाण्याचा रंग वाचायचा, दुसऱ्यानं मागे सुकाणू धरायचं. मध्ये वारा आणि इंजिनचा आवाज, त्यामुळे एकमेकांचं धड ऐकू येत नाही. नांगर टाकतानाही तेच. म्हणून खुणा आधीच ठरवून घेतात. काही जोडपी चक्क हेडफोन-माइक लावून बोलतात, आणि त्या उपकरणाला ही मंडळी लाडानं 'लग्न वाचवणारं यंत्र' म्हणतात. मला हे फार पटलं. गाडी पार्क करताना मागे उभं राहून "ये, ये, ये" करणाऱ्या समस्त बायकांना पटेल.

लिन आणि लॅरी पार्डी यांचं उदाहरण मला सगळ्यात आवडलं. १९६५ साली भेटले तेव्हा लिनला शिडाच्या बोटीतलं काहीही येत नव्हतं. मग दोघांनी आपल्या हातांनी २४ फुटी 'सेराफिन' बांधली, १९६८ मध्ये पाण्यात सोडली आणि तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. बोटीला इंजिनच नव्हतं! लॅरी २०२० साली गेले. तोवर ही जोडी पन्नासएक वर्षं समुद्राशी बांधलेली होती. लिन कुठेही नवऱ्याची पाहुणी म्हणून गेली नाही.

दुसरं उदाहरण अंगावर काटा आणणारं. १९८३ मध्ये टॅमी ओल्डहॅम आणि तिचा होणारा नवरा रिचर्ड शार्प ताहितीहून कॅलिफोर्नियाला एक ४४ फुटी बोट पोचवायला निघाले. वाटेत रेमंड नावाच्या चक्रीवादळानं बोट उलटवली. टॅमी शुद्धीवर आली तेव्हा रिचर्ड नव्हता, डोलकाठ्या मोडलेल्या, बोटीत पाणी. तिनं पाणी उपसलं, उरल्यासुरल्या सामानातून शीड उभारलं, सेक्स्टंटनं सूर्य मोजला आणि ४१ दिवसांनी एकटी हवाईच्या हिलो बंदरात पोचली. सेक्स्टंट हे 'त्याचं काम' असतं तर? यावर २०१८ साली सिनेमाही आला. बघायचं तर तो बघा, असं मी नवऱ्याला सांगितलंय.

आणि कप्तान मोडून पडला तर? इंग्लंडच्या मॉरिस आणि मॅरलिन बेली यांची बोट १९७३ च्या मार्चमध्ये गालापागोसच्या वाटेवर देवमाशाच्या धडकेनं बुडाली. ११७ दिवस ती दोघं रबरी तराफ्यावर होती. मग एका कोरियन मासेमारी बोटीनं त्यांना उचललं. मॉरिस जाणता खलाशी, तर मॅरलिनला पोहताही येत नव्हतं. पण त्यानं आशा सोडली तेव्हा तिनं सेफ्टी पिना वाकवून गळ केले, मासे धरले, कागदाचे पत्ते करून त्याच्याशी डाव मांडले. आजारी नवऱ्याला तिनंच तगवलं.

हे वाचताना मला आमचं घर दिसत होतं. गेल्या वर्षी नवऱ्याला अचानक तीन दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. मेडिक्लेमचं कार्ड कुठे, बँकेचा पासवर्ड काय, मला काही माहीत नव्हतं. गाडी खाली उभी, मला चालवता येत नाही. रात्री दीड वाजता भावाला उठवलं. (दादा हे वाचेलच, त्याला आठवत असेल.) आणि उलट बाजूनं, सासूबाईंच्या सात गोळ्यांपैकी कुठली कधीची, हे त्यांच्या मुलाला ठाऊक नाही. इतकी वर्षं आम्ही याला 'कामाची वाटणी' म्हणत आलो. खरं म्हणजे आमच्या घरात दोन प्रवासी आहेत, आणि दोघंही अर्ध्या-अर्ध्या बोटीचे कप्तान.

तेव्हा मी अट घातली आहे. शिडाची बोट चालवायला शिकायचं तर दोघांनी, त्यानं एकट्यानं नाही. आणि त्याआधी घरापासून सुरुवात. मी ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय, शनिवारी आईच्या गोळ्यांचा डबा तो भरतो. पहिल्या शनिवारी त्यानं रात्रीची गोळी सकाळच्या खणात टाकली. सासूबाईंच्या लक्षात आलं म्हणून बरं.

मार्केसास अजून लांब आहे!