बूट काढल्यानंतरची पंधरा मिनिटे

वाचकहो, नवे बूट विकत घेताना आपण काय करतो, ते आठवून पाहा. दुकानातील गुबगुबीत गालिच्यावर चार पावले टाकतो, आरशात तिरके पाहतो आणि ‘छान बसले’ असा निर्वाळा देऊन मोकळे होतो. परंतु बुटाची खरी परीक्षा दुकानात होत नाही. ती होते खेळून किंवा फिरून घरी आल्यावर, बूट पायांतून काढल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत. नेमकी हीच पंधरा मिनिटे आपण चहा आणि वर्तमानपत्र यांना बहाल करतो. या वेळी त्यांच्याविषयीच लिहायचे ठरवले आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले.

माझे वय 68. आठवड्यातून तीन सकाळी आम्ही चौघे मातीच्या कोर्टावर टेनिसची दुहेरी खेळतो. चौघांच्या वयांची बेरीज 270 होते, यावरून आमच्या खेळाचा वेग वाचकांच्या ध्यानी यावा. आमच्यातील एकांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा एके सकाळी ते बाकावर बसून बूट काढत होते. त्यांचा पांढरा मोजा अंगठ्यापाशी तांबडा झालेला मला दिसला. मातीच्या कोर्टावर सर्वांचेच मोजे तांबूस होतात. म्हणून मी दुर्लक्ष करणार होतो. पण तो डाग ओला होता. मोजा उतरवला तेव्हा अंगठ्याखाली जखम दिसली आणि बुटात सापडला हरभऱ्याच्या डाळीएवढा एक खडा. तासभर ते त्या खड्यावर धावले होते. ‘मला काहीच जाणवलं नाही हो,’ एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अडीच महिने मलमपट्टी चालली. अंगठा वाचला, पण मधल्या काळात एक दिवस असा आला होता, की तो वाचेल याची खात्री डॉक्टरांनाही देता येत नव्हती.

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू मंदावते. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती झोपी गेली की घरात चोर शिरल्याचे कळत नाही. ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ असे आपण म्हणतो; येथे ज्याचे जळते त्यालाही कळत नाही, आणि म्हणूनच डोळ्यांनी पाहण्याला पर्याय उरत नाही.

या घटनेनंतर महिन्याभरात मुलीने मला टेनिसचे नवे बूट भेट दिले. या वेळी ते नुसते मिरवायचे नाहीत, नीट तपासायचे, असे मी ठरवले. तीन सकाळी खेळून मी जे नोंदवले, ते पुढे देत आहे. बुटाची कंपनी कोणती, याला महत्त्व नाही. पाहण्याची रीत ध्यानात घ्यावी.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खेळाचे सगळे बूट सारखे नसतात. आमच्या पिढीने शाळेच्या कवायतीपासून ते क्रिकेटपर्यंत सर्व काही एकाच पांढऱ्या कॅनव्हासच्या जोडावर निभावले. म्हणून आजही आपण धावण्याचे बूट घालून कोर्टावर उतरतो. धावताना पाय सरळ पुढे जातो. त्यामुळे त्या बुटाचा तळ उंच, मऊ आणि बाजूंनी मोकळा असतो. टेनिसमध्ये पाय सतत आडवा पडतो, मध्येच थांबतो, उलट वळतो. उंच आणि मऊ तळाचा बूट अशा वेळी कडेवर कलंडतो व घोटा मुरगळतो. टेनिसच्या बुटाचा तळ तुलनेने रुंद व जमिनीलगत असतो, बाजू भक्कम असतात आणि पुढचा भाग घासून फाटू नये म्हणून तेथे जाड रबर असते. मातीच्या कोर्टासाठीच्या तळावर नागमोडी, दाट खाचा असतात. त्या मातीत पकड देतात आणि माती त्यांत अडकून न बसता झडून जाते.

पहिली तपासणी घरीच करावी, कारण कोर्टावर वापरलेला बूट दुकानदार परत घेत नाही. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात. त्या वेळी, खेळताना घालायचे तेच मोजे चढवून, बूट घालून पाहावेत. वय वाढते तसे पायाचे स्नायुबंध सैल पडतात आणि पाऊल लांब व पसरट होते. त्यामुळे चाळिशीत जो क्रमांक चालत होता तोच साठीनंतर चालेल, असे समजू नये. दोन्ही पावले कागदावर उभ्याने आखून सेंटिमीटरमध्ये मोजावीत आणि मोठ्या पावलाच्या मापाचा बूट घ्यावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. नंतर बूट हातात घेऊन तीन गोष्टी कराव्यात. टाचेचा मागचा भाग दोन बोटांनी दाबावा. तो सहज चेपला जाऊ नये. बूट चवड्यापाशी वाकवावा. तो तेथेच वाकावा, मधोमध नव्हे. शेवटी ओला पंचा पिळतो तसा तो पिळून पाहावा. तो सहज पिळला गेला, तर आडव्या पावलाला त्याचा आधार मिळणार नाही.

माझा जोड या तिन्ही कसोट्यांना उतरला. अर्धा तास घरात फिरलो. सर्व ठीक वाटले, आणि मी निर्धास्त झालो.

पहिल्या सकाळी अर्धाच तास खेळलो. नवा बूट पहिल्याच दिवशी दोन तास घालणे म्हणजे फोडांना निमंत्रण. बाजूंचा आधार उत्तम होता. उजवीकडे आडवे पाऊल टाकून चेंडू घेतला, तेव्हा पाय बुटाच्या आत सरकला नाही. जुन्या बुटांत तो सरकत असे आणि मी त्याला वयाचा दोष मानत आलो होतो. तळ मात्र जुन्यापेक्षा कडक लागला. येथे एक गोष्ट नमूद करतो. गादीसारखा मऊ, जाड तळ पायाला सुखावतो, पण जमीन कशी आहे याची वार्ता मेंदूपर्यंत नीट पोहोचू देत नाही. उतारवयात तोल सांभाळण्यासाठी ती वार्ता मोलाची असते. त्यामुळे किंचित कडक तळ हा दोष न मानता मी त्याची नोंद गुणांच्या रकान्यात केली.

दुसऱ्या सकाळी एक तास खेळलो. पुढे धावून एकदम थांबलो की डाव्या पायाचा अंगठा बुटाच्या टोकावर आपटत होता. हा प्रकार वारंवार झाला तर नखाखाली रक्त साकळते आणि नख काळे पडते. खेळाडू त्याला ‘टेनिस टो’ म्हणतात. लांबी तर पुरेशी होती, मग अंगठा आपटत का होता? कारण टाच मागे घट्ट बसत नव्हती आणि पाऊल पुढे घसरत होते. बुटाच्या सर्वांत वरच्या जादा छिद्रांचा आपण सहसा उपयोग करत नाही. नाडीचे टोक त्याच बाजूच्या वरच्या छिद्रातून ओवून लहानसा फास करायचा, समोरच्या बाजूचे टोक त्या फासातून घ्यायचे आणि मग गाठ मारायची. टाच जागच्या जागी राहते. तिसऱ्या सकाळी अंगठा आपटला नाही.

परंतु खरा निकाल लागला तो घरी, त्या पंधरा मिनिटांत. बूट-मोजे काढून पाय चांगल्या उजेडात धरले. डाव्या करंगळीच्या बाहेरच्या अंगाला लाल पट्टा होता. नव्या बुटाची थोडी लाली येतेच. ती मिटायला किती वेळ लागतो हे महत्त्वाचे. अर्ध्या तासात लाली विरली, तर चिंता नको. त्यानंतरही ती टिकली, तर बूट तेथे चावतो आहे असे समजावे आणि तसाच वापरत राहू नये. माझी लाली पहिल्या दिवशी पाऊण तास टिकली. करंगळीजवळच्या छिद्रात नाडी न ओवता ते मोकळे सोडले, तेव्हा तिसऱ्या दिवशी ती दहा मिनिटांत गेली. तेवढ्याने भागले नसते, तर कितीही हौसेची भेट असली तरी तो जोड मी बाजूला ठेवला असता. मुलीला वाईट वाटेल म्हणून पायाला जखम करून घेणे ही माया नव्हे.

मग तळपाय पाहिले. म्हणजे पत्नीने पाहिले. गुडघे साथ देत नसल्याने स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, ही आपणां सर्वांचीच अडचण. घरी कोणी नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाऊल धरावे. त्यानंतर मोजे उलटे करून ओल वा डाग पाहिला, बुटात हात घालून शिवण आणि आतला तळ चाचपला. शेवटी बुटाचा तळ पाहिला. तीन दिवसांत तो झिजत नाही. पण दर महिन्याला पाहत गेल्यास आपल्या चालीची नोंदवही तेथे वाचता येते. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणे स्वाभाविक आहे. एका बुटाची एकच कड दुसऱ्यापेक्षा फार झिजली असेल, तर आपण एका पायावर झुकतो आहोत. त्याचे कारण गुडघ्यात, खुब्यात वा कमरेत असू शकते. तो बूट डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावा.

त्याच ओघात माझा जुना जोडही तपासला आणि मला घाम फुटला. चवड्याखालच्या खाचा पूर्ण गुळगुळीत झाल्या होत्या. मागच्या डिसेंबरात मी कोर्टावर घसरून पडलो, तेव्हा दंव आणि वय यांना बोल लावला होता. मनगट थोडक्यात बचावले होते. दोष बुटाचा होता, आणि तो बूट रोज माझ्या डोळ्यांसमोर दारात पडलेला होता.

माळ्यावर जपून ठेवलेल्या बुटांवरही विसंबू नये. अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असते. आपल्या दमट हवेत ते न वापरताही वर्षानुवर्षे आतून कुजत जाते आणि एके दिवशी चालता चालता तळ भुगा होऊन सुटतो. खरेदीची तारीख जिभेच्या आतल्या बाजूस लिहून ठेवण्याची सवय लावावी.

आपण टेनिस खेळत नसाल, केवळ सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारत असाल, तरीही हे सारे आपल्यालाही तितकेच लागू आहे. ज्यांच्याकडे आई-वडिलांची वा सासू-सासऱ्यांची देखभाल आहे, त्यांना माझी विशेष विनंती. ‘पाय दुखतो का?’ असे विचारून थांबू नका. ‘नाही’ या उत्तरावर भरवसा ठेवू नका. रोज एकदा त्यांचे पाय पाहा, बोटांच्या बेचक्यांतही पाहा. धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा. मोजे घट्ट इलॅस्टिकचे नसावेत. फिकट रंगाचे असावेत, म्हणजे डाग लपत नाही. कुरूप वा घट्टा ब्लेडने कापू नये आणि त्यावर औषधी पट्टी परस्पर चिकटवू नये. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनच्या बारीक तंतूचा स्पर्श जाणवतो की नाही, एवढीच ती साधी, न दुखणारी चाचणी असते. संवेदना कमी झाली असल्यास कोणता खेळ खेळावा आणि कोणता बूट घालावा, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी दाखवावी.

आमचे मित्र चार महिन्यांनी डॉक्टरांच्या परवानगीने कोर्टावर परतले. आता ते बूट घालण्यापूर्वी तो उलटा करतात, बाकाच्या कडेवर दोनदा आपटतात, आत हात फिरवतात आणि मगच पाय घालतात. प्रारंभी आम्ही शेजारी नुसते बसून पाहत असू. हल्ली चौघांचेही बूट एकदम बाकावर आपटतात. त्या आवाजाने पलीकडच्या कोर्टावरची तरुण मुले दचकून वळतात आणि हसतात. हसू देत. उद्या सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी आपणही आपला जोड उलटा करून पाहा, आणि परत आल्यावर चहा गाळला जाईपर्यंत पायांना त्यांची पंधरा मिनिटे द्या.