मोजणीच्या शिक्षणासाठीं पुन्हां कॉलेजांत

तीस-बत्तीस वर्षांचा, लग्न झालेला, चार पैसे मिळविणारा मुलगा "मी पुन्हां कॉलेजांत जाऊन मोजणीचें काम शिकतों" असें म्हणूं लागला, म्हणजे घरांतील वडीलधारी मंडळी एक तर हंसतात, नाहीं तर रागावतात. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें उतावळेपणाचीं होत.

महसूल खात्यांतील कारकुनींत आम्हीं बांधाचे तंटे पुष्कळ पाहिले. त्यांतील बहुतेकांचें मूळ एकच. वाटणी होते, सात-बारावर चार भावांचीं नांवें व क्षेत्रें चढतात. नकाशा मात्र अखंडच राहतो. कोणाचे २० गुंठे ओढ्याकडचे व कोणाचे रस्त्याकडचे, हें पोटहिस्सा मोजल्यावांचून कागद सांगत नाहीं. मग मोजणीचा अर्ज द्यावा, तारखेची वाट पाहावी, आणि तोंपर्यंत दर पावसाळ्यांत एकेक सरी इकडची तिकडे सरकावी! जाणते मोजणीदार वाढले तर ते शेतकऱ्यांस हवेच आहेत.

इ. स. १८३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत मोजणी व आकारणी हातीं घेतली. मुंबई इलाख्याच्या त्या जुन्या पद्धतींतील साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळी ओढाताणीनें एक इंच जरी वाढली, तरी २० साखळ्यांच्या बांधावर २० इंचांचा फरक पडे. आज टोटल स्टेशन यंत्र मिलिमीटरपर्यंत अंतर दाखवितें व रोव्हर उपग्रहांच्या आधारें खुणेचें स्थान काढतो. मग शिकावयाचें काय उरलें, असें कोणी विचारील. यंत्र अंतर सांगतें, हद्द सांगत नाहीं. बांधावरचा दगड मूळचा कीं हलविलेला, टिपणांतील माप व आजची वहिवाट यांत फरक कां, साखळीच्या काळच्या नकाशावर आजचें स्थान कसें बसवावें, हें ठरविण्यास त्रिकोणमिति, मापांतील चुकांचें गणित व जुने कागद वाचण्याची संवय हीं तिन्ही लागतात. पहिलीं दोन कॉलेजांत मिळतील. तिसरी, शिवारांत वाढलेल्या प्रौढ माणसास कोवळ्या पोरापेक्षां लवकर साधते.

ड्रोन येऊन सर्व तंटे मिटतील असाही एक समज आहे. २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेली स्वामित्व योजना गांवठाणांतील मिळकतींची आहे. शेताचा बांध तींत येत नाहीं.

तथापि हिशेब मांडल्यावांचून उडी घेऊं नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील सर्व्हेअरचा अभ्यासक्रम २ वर्षांचा, स्थापत्याची पदविका ३ वर्षांची, पदवी ४ वर्षांची. चाळिशीकडे झुकलेल्यानें सरकारी भूकरमापकाच्या जागेवर सारी भिस्त ठेवूं नये. वयोमर्यादा आडवी येते. रस्ते, कालवे व इमारती यांच्या आंखणीचें खाजगी कामही असतें. संस्थेची इमारत पाहून भुलूं नये. यंत्र विद्यार्थ्याच्या हातीं किती दिवस देतात आणि उन्हांत किती राबवितात, हें तेथून शिकून बाहेर पडलेल्यांस विचारावें. फीसाठीं जमीन विकणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. आणि सुनेचें मत आधीं घ्यावें. त्या वर्षांत गुरें व पोरें तिच्याच गळ्यांत पडावयाचीं आहेत.

इतका हिशेब मुलानें मांडून दाखविला, तर वडिलांनीं तेवढे हंगाम पेरणीची देखरेख स्वतःकडे घ्यावी. आमचे पुष्कळ वाचक अद्यापि बांधावर उभे राहून शेजाऱ्याशीं हुज्जत घालण्याइतके धडधाकट आहेत.