गाडीचा एसी गार का होत नाही?

कोलकात्यात मे महिन्यात, गर्दीच्या वेळी सियालदहच्या उड्डाणपुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. अशा वेळी एसीची हवा कोमट होते आणि मोकळा रस्ता लागताच पुन्हा गार होते का? मग आधी कंडेन्सरचा पंखा तपासावा. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरला धावत्या गाडीत वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीत पंख्याचाच आधार. पंखा ठीक असेल, तर इंजिन बंद व थंड असताना जाळीतली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. झोतच मंद असेल, तर केबिन फिल्टर बदलावा. तरीही गारवा नसेल, तर कॉम्प्रेसर व गॅस जाणकाराकडून तपासून घ्यावा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतोच. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी!