दोन पात्रे आणि रिकाम्या खुर्च्या



स्नेहसंमेलनासाठी नाट्यप्रयोग निवडण्याची वेळ आली म्हणजे आम्हा शिक्षकांपुढे बहुधा एकच मागणी येते. पंचवीस-तीस मुले रंगमंचावर उभी राहतील, पोशाख झगमगतील आणि टाळ्यांचा कडकडाट होईल, असे काहीतरी बसवावे. ही मागणी अयोग्य आहे असे मी म्हणत नाही. आपले मूल रंगमंचावर दिसावे असे कोणत्या मातापित्यांस वाटणार नाही? तथापि या गर्दीत एक मोलाची गोष्ट आपल्या हातून निसटत आहे. नाटक म्हणजे मुळात एका माणसाने दुसऱ्याशी बोलणे आणि त्या दुसऱ्याने ते ऐकणे होय. म्हणून केवळ दोन पात्रांच्या लहान नाटकाची बाजू मांडण्याचे मी आज योजिले आहे.

रुमानियात जन्मलेले फ्रेंच नाटककार यूजीन आयनेस्को यांचे 'खुर्च्या' हे नाटक १९५२ साली पॅरिस येथील एका लहानशा रंगमंदिरात प्रथम झाले. चोहोंकडून पाण्याने वेढलेल्या घरात नव्वदी उलटलेले एक जोडपे राहते. म्हाताऱ्यास साऱ्या मानवजातीला एक संदेश द्यावयाचा आहे. तो ऐकण्यास एकामागून एक पाहुणे येतात. परंतु प्रेक्षकांस ते दिसत नाहीत. दिसतात त्या केवळ म्हातारीने धावपळ करून मांडलेल्या खुर्च्या! अखेरीस, आपला संदेश आता वक्ता जगास सांगेल या भरवशावर ती दोघे प्राणत्याग करतात. आणि तो वक्ता तर मुका-बहिरा निघतो. शेवटच्या काही क्षणांपुरता येणारा हा वक्ता सोडला, तर नाटकाचा सारा भार त्या दोघांनीच वाहावयाचा असतो.

१९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन' या संस्थेच्या द्वारे विजया मेहता यांनी हे नाटक मराठीत आणले. पुढे १९७३ साली जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' त्यांनीच दिग्दर्शित केले. त्यातील नाना आणि नानी हे वृद्ध दांपत्य परदेशी गेलेल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असते. एक नाटक पॅरिसचे, दुसरे आपले. परंतु रिकामी खुर्ची दोन्हीकडे एकच आहे.

आणि ती मोताळ्यातही नाही काय? दर वर्षी जून महिन्यात मलकापूरच्या रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या एस. टी. गाडीत आपल्या गावची मुले पेट्या व वळकट्या घेऊन चढतात. कोणी पुण्यास जातो, कोणी मुंबईस. गाडी सुटली म्हणजे निरोप देणारे दोघे घरी परततात, आणि पुढे कित्येक वर्षे त्या घरात दोनच पात्रांचे नाटक चालते. मुलांनी शिकून मोठे व्हावे हे आम्हीच त्यांस शिकवितो. मग मागे राहिलेल्यांचे बोलणे ऐकण्यास शिकविणे हेही आमचेच काम नव्हे काय?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, असल्या नाटकांस मोठे नाट्यगृह आणि कसलेले नट लागतात. वस्तुस्थिती उलट आहे. १९७४ पासून दादर येथील छबिलदास मुलांच्या शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या संस्थेने प्रायोगिक नाटकांचे प्रयोग चालविले. अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या त्या कार्यास शाळेच्या साध्या सभागृहानेच आसरा दिला, आणि मराठी नाटकाच्या इतिहासात 'छबिलदास' हे एका चळवळीचे नाव होऊन बसले. शाळेस जे तेथे साधले, ते येथे अशक्य का मानावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरातील कलह आणि नैराश्य मुलांपुढे का मांडावे? 'खुर्च्या' किंवा 'संध्याछाया' जशीच्या तशी मुलांकडून करवून घ्यावी, असे माझेही म्हणणे नाही. दोन्ही नाटकांतील वृद्ध अखेरीस आपले जीवन संपवितात. लेखकांनी एकटेपणाचे दुःख खरे दाखविले. परंतु त्या दुःखाचे उत्तर मरण हे नव्हे, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. ऐकणारा एक जरी मनुष्य शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला असता, तरी त्यांची कथा पालटली असती. कलहाविषयी म्हणाल, तर मुले तो घरी पाहतातच. मोठी माणसे चिडतात तेव्हा त्यांच्या मनात काय चालते, हे मात्र त्यांस कोणी उलगडून दाखवीत नाही. ते काम चांगले नाटक करते.

तेव्हा माझी सूचना अशी की, पुढील संमेलनात गाणी व नृत्ये अवश्य व्हावीत. परंतु एक संध्याकाळ एका वर्गखोलीत, दोन खुर्च्या व एक दिवा एवढ्याच साहित्यावर, दोन पात्रांचा अर्ध्या तासाचा प्रयोग व्हावा. संहिता विद्यार्थ्यांनीच लिहावी. शिकण्यास निघालेली मुलगी आणि तिची आई. पेरणी बुडालेला बाप आणि शाळा सोडू पाहणारा मुलगा. आजोबा आणि नातू: विषय आपल्या अंगणातच आहेत. एकाने बोलावे व दुसऱ्याने खरोखर ऐकावे, एवढाच नियम असावा.

आणि मुलांनो, संहिता लिहिण्यापूर्वी या सुट्टीत एवढे करा. घरी किंवा शेजारी जे वृद्ध एकटे बसलेले दिसतील, त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसा आणि त्यांस बोलू द्या. तुमच्या नाटकाचे पहिले वाक्य तेथेच सापडेल.